लाभम्, रेंडू, मूडू

आमच्या दत्तनगरात पाणी चार दिवसांआड येतं.
कधी पाच. कधी पहाटे सव्वातीनला,
कधी नेमकं मी अंगाला साबण लावल्यावर.
म्हणून ठरवलं, पहिला प्रोग्राम पाण्याचाच.

नऊ वर्षं झाली कोडची ओळ लिहून.
हिंजवडीचं ओळखपत्र अजून कपाटात आहे,
त्यातली मुलगी माझ्याकडे अशी बघते
जशी परवा मुलाखतवाली बघणार आहे:
“मधली वर्षं?”

लॅपटॉप मन्विताच्या ऑनलाइन शाळेतला,
बिजागरीला चिकटपट्टी, एंटर दोनदा दाबावं लागतं.
रात्री पावणेअकराला शेजारचे माग थांबतात.
इतकी शांतता एकदम येते
की कान काहीतरी हरवल्यासारखे शोधत राहतात.
तेव्हा बसते, ओट्याशी, स्टुलावर.

पहिल्या रात्री सत्तावीस चुका.
कंस उघडला तो मिटलाच नाही,
दूध उतू गेल्यावर अर्धवट राहिलेल्या वाक्यासारखा.
ज्या आज्ञा झोपेत म्हणायचे
त्यांच्यापुढे आता सूचना येते:
‘ही पद्धत जुनी झाली, शक्यतो वापरू नये.’
हसूच आलं.
या घरात ही पाटी बऱ्याच जणांना लावता येईल.

सासूबाईंना म्हटलं, हात मोडलाय माझा.
त्या पान कापत होत्या, मान वर न करता म्हणाल्या,
“मोतीबिंदू काढल्यावर माझाही मोडला होता.
पहिल्या पन्नास बिड्या फेकायच्याच असतात.
त्या कुणाला दाखवत बसू नये.”

तिसऱ्या आठवड्यात प्रोग्राम चालला.
पाणी बुधवारी येईल म्हणाला,
आलं मंगळवारी. मी गाढ झोपेत, हंडे पालथे.
सासूबाईंनी एकटीनं बादली लावली
आणि सकाळी एवढंच विचारलं,
“तुझ्या पेटीला विचारून ये, भरलेलं ठेवू का ओतून देऊ?”

एका दिवसाची चूक.
तीन रात्री ती सापडत नव्हती.
चौथ्या रात्री त्या सूप मांडीवर घेऊन कट्टे मोजत होत्या,
लाभम्, रेंडू, मूडू, नालुगू,
एक म्हणायचं नाही, पहिला तो लाभ,
त्यांच्या आईनं ज्वारी मापताना शिकवलेलं.
माझी माहेरची आजीही पायलीला लाभच म्हणायची.
माझं यंत्र शून्यापासून मोजतं.
अख्ख्या स्वयंपाकघरात एकटी मीच
एकपासून सुरुवात करत होते.

दुरुस्तीला दोन अक्षरं लागली.
शुक्रवारी पहाटे नळ खाकरला तेव्हा
आम्ही दोघी मोरीत उभ्या होतो, हंडे घासून,
आणि कुणीच काही म्हणालं नाही.

मग दुसरा, असाच, हाताला काम म्हणून:
रोजच्या बिड्या किती, चेकरनं छाट किती काढली.
त्यांची जुनी वही उतरवून काढली, तेलाचे डाग वगळून.
आलेख निघाला तसा त्यांच्यापुढे धरला.
गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात छाट दुप्पट,
दिवाळीच्या आधी अडीचपट.
त्यांनी चष्मा लावला, परत काढला.
“हे मला तीस वर्षं माहीत आहे,” म्हणाल्या.
थोड्या वेळानं: “झेरॉक्स कितीला पडते?”

सोमवारी त्यांनी अकरा प्रती नेल्या.
कारखान्यात काय झालं ते सांगत नाहीत.
पण गल्लीतली येमुलांची सून विचारून गेली,
माझीही वही घालशील का आत?

परवा विचारतील, अलीकडे काय केलंत?
पाणी, सांगेन. आणि बिड्या.
शब्द बदलून पाहिले, भारदस्त होत नाहीत.

आत्ता रात्रीचे साडेबारा.
वहीचं फेब्रुवारीचं पान लावते आहे
आणि लक्षात येतंय, लीप वर्ष मी धरलंच नव्हतं.
एक दिवस कुठेतरी पडून राहिलाय.
स्टूल पुढे ओढते.